पावकी-निमकीचा वारसा

पेशवाईत आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही मराठी मुलुखातील मुले हिशेब शिकली, ती पंतोजींच्या शाळेत. कोणाच्या ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या या शाळेत छापील पुस्तके नव्हती आणि इयत्ताही नव्हत्या. धूळपाटीवर अंक गिरवीत प्रत्येक मुलगा आपापल्या गतीने पुढे जाई. मोठा धाकट्यास शिकवी. सायंकाळी परवचा म्हणताना सर्वांची उजळणी होई.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे या शिक्षणाचा कणा होते. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे बाजारातून शाळेत आले होते. रुपयाचे आणे १६, मणाचे शेर ४०, शेराचा आठवा भाग नवटाक. शेराचा भाव १४ आणे असला, तर साडेतीन शेरांचे ४९ आणे, म्हणजे ३ रुपये १ आणा, हे औटकी येणारा मुलगा तोंडी सांगे.

मात्र या पद्धतीचा गौरव करताना तिचे दोष झाकणे योग्य नव्हे. पाठांतरामागील कारण क्वचितच सांगितले जाई. छडीचा धाक असे. मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे बहुधा प्रवेश नसे. १८२२ नंतर मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध झाली आणि हळूहळू शिक्षणाची घडी पालटली.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली. औटकीचे व्यवहारातील प्रयोजन सरले, पण भाषेने अपूर्णांक सोडले नाहीत. २५० ही संख्या आजही अडीचशे आहे आणि तेवढ्या ग्रॅम भाजीला अनेक घरांत पावशेरच म्हणतात. बेळगाव, इंदूर, बडोदे वा पणजी येथील मराठी मूल हे शब्द घरी ऐकते. शाळेत मात्र पुष्कळदा परभाषेतून त्याला अपूर्णांक नव्याने शिकावा लागतो.

घर आणि शाळा यांतील अशी दरी अन्यत्रही आढळते. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांनी बाजारातले ९८ टक्के हिशेब अचूक केले. तेच हिशेब नुसत्या अंकांत मांडून दिले, तेव्हा जेमतेम ३७ टक्के.

जुना शेर परत आणण्याचे कारण नाही. परंतु अडीचशेत शेकडे किती, हे शिक्षकाने विचारावे, उत्तर आपल्या रीतीने काढण्यास मुलाला अवसर द्यावा आणि मग त्यामागील कारण उलगडावे. म्हणजे पंतोजींचे बळ लाभेल आणि त्यांची उणीवही भरून निघेल.