कुमार गटाचं मैदान आणि तीन वन-बीएचके

मंडळी, कबड्डीचं मैदान केवढं असतं माहिती आहे? पुरुष आणि कुमार मुलांसाठी १३ मीटर बाय १० मीटर. डोंबिवलीच्या भाषेत सांगायचं तर साधारण १,४०० चौरस फूट. म्हणजे तीन वन-बीएचके. एवढ्याशा जागेत चौदा गडी चाळीस मिनिटं खेळतात आणि कडेला अख्खं गाव उभं राहतं. पण आपल्याकडे तीन वन-बीएचकेची जागा रिकामी कोण ठेवतो? आजची पोस्ट त्या जागेबद्दल आणि तिथे घाम गाळणाऱ्या पोरांबद्दल आहे. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी कुमार गट म्हणजे काय ते सांगतो. वय २० च्या आत. वजन मुलांचं ७० किलोच्या आत, मुलींचं ६५ च्या आत. त्याखाली १६ वर्षांच्या आतला किशोर गट. स्पर्धेला आधी काटा, मग मैदान. काट्यावर थोडं जरी जास्त भरलं तरी पोरगा बाहेर. म्हणून निवड चाचणीच्या आदल्या रात्री जेवण टाळणारी आणि पहाटे स्वेटर घालून पळणारी पोरं गावात दिसतात. आईला वाटतं, याला झालंय तरी काय! त्याला झालेलं असतं एवढंच, की मंडळातून जिल्ह्याच्या संघात, तिथून राज्याच्या संघात आणि राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेला जायचं असतं. या शिडीची पहिली पायरी म्हणजे गावातलं मंडळ.

आणि हा खेळ मंडळांनीच वाढवलाय. हुतूतू गावोगाव चालायचा, पण प्रत्येक गावाचे नियम निराळे. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या मंडळींनी नियम बांधायला सुरुवात केली. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे प्रात्यक्षिक दाखवलं. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ ला मद्रासला, महिलांची १९५५ ला कलकत्त्याला. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी या खेळासाठी अख्खा देश पालथा घातला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारताने सुवर्ण आणलं. ही सगळी यादी वाचताना एक लक्षात घ्या. सरकार या गोष्टीत फार उशिरा आलं. तोवर वर्गणी, चाळलेली माती, फक्कीच्या रेषा आणि मंडळाची चार खटपटी माणसं, एवढ्यावर खेळ तगला.

आपल्या भागात कबड्डी दोन वाटांनी आली. पहिली वाट इथल्याच मातीतली. डोंबिवली हे स्टेशन झालं, शहर झालं, पण त्याच्या आत आणि भोवती आयरे, चोळे, भोपर, नांदिवली, सागाव, सोनारपाडा ही गावं आधीपासून आहेत. आगरी-कोळी गावांत भातकापणी उरकली की शेत मोकळं, पोरं मोकळी. मग गावदेवीच्या जत्रेला रात्रीचे सामने ठरलेले. १९८३ ला महापालिका झाली, २७ गावं आत घेतली. २००२ ला बाहेर काढली. २०१५ ला पुन्हा आत घेतली. कागदावर गावं आत-बाहेर झाली, पण जर्सीच्या पाठीवर गावाचं नाव तेच राहिलं.

दुसरी वाट लोकलने आली. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड हा गिरणगावचा पट्टा म्हणजे कबड्डीचं माहेरघर. श्रमिक जिमखान्याचं नाव आजही तिथले जुने लोक आदराने घेतात. कोकणातून आलेला गिरणी कामगार पाळी संपवून मैदानात उतरायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणगावातली कितीतरी कुटुंबं डोंबिवली, कल्याण, बदलापूरला आली. सामानात भांडीकुंडी होती, तसं खेळाचं वेडही होतं. गावठाणातला पोरगा आणि चाळीतला पोरगा एकाच मैदानात भेटले.

आता पोटापाण्याचं बोलू, कारण कुमार गटाचा खरा प्रश्न तिथेच आहे. एकेकाळी चांगला चढाईपटू म्हणजे घरात नोकरी. गिरण्यांचे संघ होते, रेल्वेचे होते, बँकांचे होते. महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक ही नावं कबड्डीच्या व्यावसायिक गटात दबदबा राखून होती. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या नजरेत भरलात की पगार सुरू. त्यातल्या गिरण्या गेल्या. देना बँक २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया २०२२ ला टाटांकडे गेली. इकडे आपल्या दारातली मोहन्याची एनआरसी २००९ लाच बंद पडली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. खोटा कागद करणारा पुढे जातो, तेव्हा काट्यावर उपाशी उभा राहिलेला पोरगा मागे राहतो.

आणि २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. टीव्ही आला, लिलाव आला, पैसा आला. चांगलंच झालं. पण त्या लिलावात नाव लागणारे किती? जिल्ह्यातल्या शेकडो कुमारांमधून एखादा. बाकीच्यांचं काय, हे कुणी विचारत नाही.

डोंबिवलीत ज्यांची मुलं कॅनडात आहेत, त्यांनी त्यांना फ्लिन फ्लॉन या गावाबद्दल विचारून बघावं. मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेला, तांबं आणि जस्ताच्या खाणीवर वसलेलं छोटं गाव. वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या संकुलाएवढी. तिथे बर्फावरची ज्युनियर हॉकी खेळतात, आपल्या कुमार गटाच्याच वयाची पोरं. संघाचं नाव बॉम्बर्स, स्थापना १९२७. मालक कुणी शेठ नाही, गावच मालक. खाण कंपनी खेळाडूंना काम द्यायची आणि सरावालाही सोडायची, अगदी आपल्या गिरण्यांसारखं. १९५७ ला या चिमुकल्या गावाने कॅनडाचा राष्ट्रीय ज्युनियर करंडक, मेमोरियल कप, जिंकला. तिथलाच बॉबी क्लार्क, मधुमेह असूनही खेळला आणि पुढे फिलाडेल्फियाचा कर्णधार म्हणून १९७४ आणि १९७५ असे लागोपाठ दोन वेळा स्टॅन्ली कप घेऊन आला.

पण मला त्या गावाची गंमत वाटते ती वेगळ्या गोष्टीसाठी. तिथली शेवटची मोठी खाण २०२२ ला बंद झाली. नोकऱ्या गेल्या, तरी संघ चालू राहिला. कारण बर्फाचं मैदान गावात होतं आणि संघ गावाचा होता. उणे तीस अंशाच्या थंडीत लोक तिथे जमतात, ते सगळेच काही हॉकीचे दर्दी नसतात. तिथे एकमेकांची गाठ पडते म्हणून येतात.

आपल्याकडेही हेच व्हायचं. रात्री अकराला हॅलोजनच्या उजेडात दोन गावांचा सामना रंगला की मैदानाबाहेर सोयरिकी जुळायच्या, भांडणं मिटायची. लोण पडला की आजोबासुद्धा खुर्चीवरून उठायचे. सकाळी ७ ची लोकल पकडून रात्री ९ ला परतणाऱ्या या शहरात शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. तिथे कुमार गटाचा संघ ही एक गोष्ट अशी आहे की तिला 'आपली' म्हणता येतं.

क्रिकेटचं गणित वेगळं आहे. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, इथल्या एस. व्ही. जोशी शाळेत शिकला आणि पुढे मुंबईच्या मैदानांवर घडला. क्रिकेटचा पोरगा किट घेऊन लोकलने दादर-चर्चगेट गाठतो, आईबापही खर्च करतात. कबड्डीच्या पोराकडे किट नसतं आणि लोकलचा पासही नसतो. त्याला घरापासून चालत पोचता येईल असं मैदान लागतं. ते गेलं की त्याचा खेळ संपला. तो दुसरीकडे जात नाही, नाक्यावर जातो.

त्यात आता माती आणि मॅटचा फरक. मोठ्या स्पर्धा मॅटवर, पायात बूट घालून. आपली पोरं मातीवर अनवाणी तयार होतात. मॅटवर पहिल्यांदा उतरलेला मुलगा वळताना अडखळतो, पकडीला पाय रोवता येत नाही, आणि लोक म्हणतात दम नाही. दम आहे हो, मॅट नाही! मॅट मोकळ्यावर पावसात टाकता येत नाही, त्याला छप्पर लागतं. ते गावच्या वर्गणीतून होण्यातलं नाही.

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या लोकांसाठी घरडा सर्कलजवळचं सावळाराम महाराज क्रीडा संकुल, नेहरू मैदान, भागशाळा मैदान अशी बोटावर मोजण्याइतकी नावं आपण घेतो. त्यातही सभा, प्रदर्शनं आणि लग्नांचे मांडव लागतात. मांडव निघतो तेव्हा मागे खिळे आणि खड्डे राहतात. त्या मातीवर पोरं पकडी करतात.

म्हणून मागणं फार मोठं नाही. एक, विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेले भूखंड प्रभागवार फलकावर लावा, कुठला मोकळा आहे, कुठे अतिक्रमण आहे ते लोकांना दिसू दे. दोन, प्रत्येक प्रभागात १३ बाय १० मीटरची एक जागा छपराखाली, मॅटसह, संध्याकाळी ६ ते ९ फक्त किशोर-कुमारांसाठी ठेवा, मुलींना त्यात आठवड्याचे ठरलेले दिवस द्या. तीन, हे पालकांना सांगणं आहे. दहावीचं वर्ष आलं म्हणून पोराला मैदानातून उचलू नका. तासभर खेळलेला मुलगा नापास होत नाही.

मतं मागायला जो कुणी दारात येईल, त्याला रस्ता-पाणी-कचरा विचाराच. सोबत हेही विचारा, की आमच्या प्रभागातल्या तीन वन-बीएचकेएवढ्या जागेचं काय केलंत?

आणि तुमच्या गावात, चाळीत, आळीत कबड्डीचं मंडळ होतं किंवा आहे, त्याचं नाव आणि मैदान खाली लिहा. मैदानावर आज काय उभं आहे तेही लिहा. यादी झाली की ती घेऊन आपण महापालिकेत जाऊ.