छपरावरचा अँटेना

केबलचे पैसे भरण्यापेक्षा छपरावर अँटेना उभारून दूरचित्रवाणी फुकट पाहावी, असे सांगणारे आज अमेरिकेत पुष्कळ आहेत. आपल्याकडे हा सल्ला कोणी का देत नाही, याचे कारण आमच्या मते इतिहासात आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुणेकरांस चित्रे दिसू लागली. घरोघर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे चढले. वाऱ्याने सांगाडा फिरला की एकाने वर तो वळवायचा आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं... गेलं!" म्हणून ओरडायचे. (तेही अगदी फुकट नव्हे, कित्येक वर्षे संचास परवाना फी पडे.)

अमेरिकेतील अँटेनास अनेक खासगी केंद्रे सापडतात. आमच्या अँटेनास एकटे दूरदर्शन सापडे, कारण जमिनीवरील मनोऱ्यावरून चित्रे प्रक्षेपित करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास दिलाच नव्हता. १९९१ पासून उपग्रहावरून परक्या वाहिन्या येऊ लागल्या, तेव्हा सामान्य कुटुंबाने केबल घेतली ती निव्वळ चैन म्हणून नव्हे. दुसरा आवाज ऐकावयाचा तोच मार्ग होता. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. मनोऱ्यांची मक्तेदारी मात्र तशीच राहिली.

२०२२ पर्यंत दूरदर्शनने बहुतेक जुने प्रक्षेपक बंद केले. २००४ साली निघालेली, आता 'फ्री डिश' म्हणविणारी सरकारी सेवा आहे. थाळी एकदा विकत घेतली की मासिक वर्गणी नाही. तीवर खासगी वाहिन्याही दिसतात, पण लिलावात जागा घेतलेल्या.