घ्रेलिन : नावातली वाढ आणि अर्थातली भूक

एखादी शास्त्रीय संज्ञा जन्मतःच अर्धी गोष्ट सांगते आणि उरलेली अर्धी पुढे लोकांना शोधावी लागते. ‘घ्रेलिन’चे असेच झाले. १९९९ साली जपानमधील मासायासु कोजिमा, केन्जी कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या जठरातून हे संप्रेरक वेगळे काढले. नाव ठेवताना त्यांनी थेट आद्य भारोपीय भाषेतला ‘वाढणे’ या अर्थाचा ‘घ्रे’ हा धातू निवडला. (प्रयोगशाळेतल्या माणसांना व्युत्पत्तीची ही ओढ असावी, याचे आम्हां भाषेच्या शिक्षकांना कौतुकच वाटते.) कारण उघड होते. हे द्रव्य मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीला वृद्धि-संप्रेरक सोडायला लावते, हीच त्याची पहिली ओळख. नावात भुकेचा मागमूस नाही.

भूक मागाहून आली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना घ्रेलिन शिरेवाटे दिले, तेव्हा त्यांनी सरासरी २८ टक्के अधिक अन्न खाल्ले. मग ‘भुकेचे संप्रेरक’ हे बिरुद कायमचे चिकटले. आपली ‘भूक’ ज्या ‘बुभुक्षे’पासून आली, तिचा मूळ अर्थही पोटाची पोकळी असा नसून ‘खाण्याची इच्छा’ असाच आहे.

पण वाढ आणि भूक यांपलीकडे घ्रेलिन स्वतः चयापचयात काही करते काय? निरोगी शरीरात हे ठरवणे अवघड. घ्रेलिनमुळे वृद्धि-संप्रेरक आणि कॉर्टिसॉल दोन्ही वाढतात, आणि चरबी विरघळवणे, इन्शुलिनला अडवणे ही त्यांचीही कामे आहेत. निवाडा झाला तो ज्यांची पोष ग्रंथी निकामी झाली आहे अशा प्रौढांमुळे. असे रुग्ण ही दोन्ही संप्रेरके औषध म्हणून ठरावीक मात्रेत घेतात. जठराने कितीही निरोप धाडले तरी ग्रंथी ती वाढवू शकत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात अशाच पुरुषांना घ्रेलिन दिले गेले. तरीही रक्तात मेदाम्ले वाढली आणि स्नायूंवरचा इन्शुलिनचा प्रभाव मंदावला. म्हणजे मधला दूत नसतानाही निरोप पोचला होता.

वृद्धि-संप्रेरकाच्या अभावी ज्यांच्या पोटाभोवती चरबी साठते आणि स्नायू रोडावतात, त्याच रुग्णांनी हे दाखवून द्यावे, हे आम्हांला विशेष वाटते. आणि ते ज्या द्रव्याविषयी दाखवले, त्याच्या नावात मात्र आजही केवळ ‘वाढणे’ आहे.