गोदाकाठ : पाण्याची रेषा आणि माणसांची

नाशिकला समुद्र नाही, पण काठ आहे. आणि दर बारा वर्षांनी तो काठ आपण लाखो माणसांच्या हवाली करतो. तो तेवढ्यासाठी सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

प्रयागचा मेळा माघात, थंडीत भरतो. आपली शाही स्नानं श्रावण-भाद्रपदात, ऐन पावसाळ्यात येतात. २०१५च्या तारखा बघा : २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबर. आता महापुरांच्या तारखा : १० सप्टेंबर १९६९, १९ सप्टेंबर २००८. मुहूर्त आणि पूर एकाच पंधरवड्यात राहतात.

जुन्यांना हे ठाऊक होतं. १७४७चं नारोशंकराचं मंदिर दगडी आहे, पुरात उभं राहतं. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून गाव आवराआवर करायचं. हे मोजमाप मला आजही शास्त्रशुद्ध वाटतं. खूण एका जागी पक्की, आणि ती सर्वांना वाचता येते.

पुढे सरकारी रेषा आल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. इथे तर्कशास्त्राच्या माणसाला बोलावंच लागतं! 'पंचवीस वर्षांतून एकदा' म्हणजे २००८ला आला, आता २०३३पर्यंत निश्चिंत, असं नव्हे. दरवर्षी शक्यता चार टक्के. सलग पंचवीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे चौसष्ट टक्के. वेळापत्रक आणि संभाव्यता यांत आपण नेहमी गल्लत करतो.

पण २७ ऑगस्ट २००३ला काय झालं? पूर नव्हता. रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. कुणी नाणी उधळली म्हणून झालं, असं तेव्हा बोललं गेलं. असेलही. पण नाणी सपाट मैदानातही उधळता येतात. माणूस उतारावर पडला तर मागच्याला थांबता येत नाही. निळी रेषा यातलं काहीच सांगत नाही. पाण्यासाठी आपल्याकडे मारुती होता, गर्दीसाठी तसली खूण कधी नव्हती.

२०१५ला मार्ग बदलले, नवे घाट बांधले. योग्यच झालं. तरी हे दोन्ही धोके वेगवेगळ्या कागदांवर तपासले जातात, आणि मला खरी काळजी तिथे आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवावा लागला, तर घाटावरची माणसं वर येणार कुठून? उतरली त्याच उतारांवरून, त्याच वेळी खाली येणाऱ्यांच्या विरुद्ध दिशेनं. २०२७च्या प्रत्येक घाटाच्या नकाशावर म्हणून मला दोन आकडे शेजारी-शेजारी हवेत : विसर्ग सुरू झाल्यापासून पाणी पायरीला लागेपर्यंतची मिनिटं, आणि घाट पूर्ण रिकामा व्हायला लागणारी मिनिटं. दुसरा आकडा मोठा निघाला, तर त्या घाटावर माणसं कमी सोडायची.