वरची खाच, आतली हद्द

नकाशा शिकवताना मी मुलांना सांगायचो, नदी पुष्कळदा जिल्ह्याची हद्द असते. मेंदूवरच्या खाचाही अशाच हद्दी असाव्यात, असे कुणालाही वाटेल. कोर्बिनियन ब्रॉडमन या जर्मन डॉक्टरने बर्लिनमध्ये मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या थरांची ठेवण जिथे बदलते, तिथे त्याने रेघ ओढली आणि विभागांना आकडे दिले. पुस्तक १९०९ साली निघाले. केवढी ही चिकाटी!

हालचालीचा चौथा विभाग आणि स्पर्शाचा तिसरा, यांची हद्द मधल्या मोठ्या खाचेतच सापडते. दृष्टीचा सतरावाही आपली खाच सहसा सोडत नाही. पण वाणीशी निगडित ४४ आणि ४५? १९९९ साली दहा मेंदू तपासले, तेव्हा त्यांच्या हद्दी खाचांशी नेमाने जुळेनात. माणूस बदलला की हद्द सरकते. म्हणून त्या भागातली गाठ काढताना सर्जन कधीकधी रुग्णाला जागे ठेवून बोलते करतात, नुसत्या वळ्या पाहून सुरी चालवत नाहीत.

बर्लिन विद्यापीठाने ब्रॉडमनचा अध्यापनासाठीचा प्रबंध नाकारला होता. (परीक्षक सगळीकडे सारखेच!) १९१८ साली, अवघ्या ४९व्या वर्षी, रक्तातल्या जंतुसंसर्गाने तो गेला. त्याचे आकडे डॉक्टर आजही वापरतात.