शब्द-आकारणी, खानदेशातील
संदेशातील शब्द किंवा शब्दखंड मोजून मूल्य घेण्याच्या पद्धतीस शब्द-आकारणी म्हणतात. तारायंत्राच्या काळात तिचे एकक शब्द हे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रतिमानांत ते ‘टोकन’, म्हणजे शब्दाचा तुकडा, हे आहे. खानदेशच्या (जळगाव, धुळे व नंदुरबार) इतिहासात या आकारणीचा संबंध प्रथम कापसाच्या व्यापाराशी व आता भाषेशी येतो.

भारतात तारसेवा फेब्रुवारी १८५५ मध्ये जनतेस खुली झाली. तेव्हा ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांस एक रुपया असा दर होता. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) जळगाव ही खानदेशातील कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपताच भाव कोसळून तिला जबर झळ बसली. मात्र ती लवकरच सावरली. १८६५ मध्येच इराणच्या आखातातील तारेने भारत यूरोपशी जोडला गेला. दूरच्या बाजारातील भाव वेळेवर कळण्यावर व्यापाऱ्याचा नफा-तोटा अवलंबून राहू लागला आणि शब्दागणिक दाम पडत असल्याने काटकसरीची गरज निर्माण झाली. त्यातून सांकेतिक कोश प्रचारात आले. त्यांत एका शब्दाने संपूर्ण वाक्याचा बोध होई. परंतु एक अक्षर चुकले, तरी सौद्याचा अर्थ पालटे. शुभेच्छांच्या तारांसाठीही ठराविक मजकुराचा केवळ अनुक्रमांक देण्याची सोय होती. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली.

भाषा-प्रतिमानांचा वापर करणाऱ्या व्यापारी आज्ञावलींत दिलेला मजकूर व मिळालेले उत्तर यांची टोकने वेगवेगळी मोजतात. उत्तराचा दर सामान्यतः अधिक असतो. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी अनावश्यक मजकूर गाळणे, वारंवार लागणारा भाग साठवून ठेवणे, साध्या कामास लहान प्रतिमान योजणे, उत्तराची लांबी ठरविणे व विभागवार मर्यादा घालणे हे उपाय योजतात. मात्र मजकूर अति आखडल्यास सांकेतिक तारेप्रमाणेच अर्थहानी होते.

तारेच्या दरात एकक शब्द हेच होते. टोकनांत तसे नाही. यूटीएफ-८ संकेतनात रोमन अक्षरास एक, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. शिवाय तुकडे पाडण्याचे नियम मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून बनल्यामुळे मराठी शब्द अधिक खंडांत मोडतो व तोच आशय महाग पडतो. मे २०२४ मध्ये ओपनएआय संस्थेने जीपीटी-४ओ या प्रतिमानाबरोबर नवी खंडनपद्धती आणली. तिने दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराची टोकने ९६ वरून ३३ वर आली. भाषेचा खर्च हा लिपीचा अटळ गुण नसून रचनेचा परिणाम आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

अहिराणीचा प्रश्न अधिक बिकट आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या सुमारे १८.६ लाख होती. तथापि या बोलीतील लिखित मजकूर अल्प आहे. ज्या भाषेचा मजकूर नियम बनविताना विचारात येत नाही, तिच्या भाषकांस त्याच कामासाठी अधिक दाम मोजावे लागतात. म्हणून जळगाव-धुळ्याच्या दुकानदारास वा शेतकऱ्यास स्वतःच्या बोलीत ही साधने परवडावयाची, तर बोलीतील साहित्याचे संकलन ही केवळ सांस्कृतिक नव्हे, आर्थिक गरजही ठरते.