गिमवीचं लाल पाणी आणि मूत्राशयातली फसवी गाठ

लघवीतून रक्त जातंय, दुर्बिणीतून पाहिलं तर मूत्राशयाच्या भिंतीवर मांसल कोंब. डॉक्टरांच्या मनात आधी कॅन्सर येतो, आणि यायलाच हवा. पण या लक्षणांचा एक वेगळा इतिहास आपल्या कोकणात आहे.

१९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मानवी शिस्टोसोमियासिसचं केंद्र असल्याचं प्रसिद्ध केलं. हा निष्कर्ष सहज पटण्यासारखा नव्हता. हा रोग आफ्रिका आणि पश्चिम आशियातला. थिओडोर बिल्हार्झनं त्याचा कृमी १८५१ मध्ये कैरोत शोधला. माणसात शिरण्याआधी कृमीला गोड्या पाण्यातली गोगलगाय लागते. आफ्रिकेत ती बुलिनस, आणि ती तर इथे नाही! मग गिमवीत साखळी पूर्ण कशी होते? संशयाचा काटा फेरिसिया टेन्युइस या टोपीसारख्या शिंपल्याच्या इवल्याशा गोगलगाईकडे वळला. माझ्या मते खरं संशोधन इथे आहे. रुग्ण सापडणं ही सुरुवात. वाहक कोण, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

आता गाठ कुठून येते ते बघू. कृमींची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहते. मादीची काही अंडी लघवीतून बाहेर पडतात, बाकीची भिंतीत अडकतात. शरीर त्यांच्याभोवती दाहपेशींचा वेढा घालतं आणि त्यातून उंचवटे, कोंब तयार होतात. नुसत्या नजरेला ते ट्यूमरच वाटतात. क्षयरोग आणि मॅलाकोप्लाकियाही मूत्राशयात अशीच फसवणूक करतात.

अशा वेळी साधी लघवीची तपासणी फार मोलाची. नमुना शक्यतो दुपारच्या सुमाराचा घ्यायचा, कारण तेव्हा जास्त अंडी पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली टोकाला काटा असलेलं अंडं दिसलं, की औषधाचा रस्ता मोकळा होतो. निदान चुकलं तर कारण नसताना माणूस मोठ्या शस्त्रक्रियेच्या दारात उभा राहतो.

मात्र व्हायव्हात हमखास अडकवणारी गोष्ट पुढेच आहे. अंडी सापडली म्हणून कॅन्सर नाही, असं म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं राहिलेला हाच संसर्ग मूत्राशयाचा स्क्वॅमस पेशींचा कॅन्सर घडवतो. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या कृमीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यामुळे अंडी दिसली तरी कोंबाचा तुकडा बायोप्सीला जातोच.